पब्लिकच्या रकान्यात

आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर दोन फ्रेम दिसायच्या. एक आजोबांची, आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, पप्पांच्या कंपनीच्या शेअर सर्टिफिकेटची. लहानपणी मला वाटायचं की त्या दुसऱ्या फ्रेममध्येही कुणीतरी वारलेलं माणूस आहे, फक्त त्याचा फोटो मिळाला नसेल. कारण दिवाळीत मम्मी दोन्हींना हार घालायची आणि दोन्हींच्या काचेला कुंकू लावायची.

पप्पा मिरजगावचे. आयटीआय करून नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून लागले, ते अजून त्याच टूलरूममध्ये, त्याच लेथवर आहेत. कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. त्या वेळी थोडे शेअर कामगारांसाठी राखून ठेवले होते. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाल्यावर मालकांनी नारळ फोडला आणि सांगितलं, "आजपासून कंपनी माझ्या एकट्याची नाही. तुमचीपण आहे." पप्पांनी हे वाक्य मला इतक्या वेळा सांगितलंय की मालकांचा आवाज ऐकण्याआधीच ते मला मालकांच्या आवाजात ऐकू यायचं. पप्पांनी अख्खा बोनस त्यात घातला. सर्टिफिकेटं पोस्टाने आली तेव्हा पप्पांनी टूलरूममधल्या सगळ्यांची गोळा केली आणि नगरात नेऊन लॅमिनेट करून आणली. पाणी लागू नये, वाळवी लागू नये, आयुष्यभर टिकावं. एकट्या फिटर काकांनी दिलं नाही. "कागदाला कशाला रेनकोट?" म्हणाले, आणि आपलं सर्टिफिकेट त्यांनी पत्र्याच्या पेटीत टाकलं.

फिटर काका म्हणजे पप्पांचे मित्र, काष्टीचे. दोघं एकाच वर्षी लागले.

मला पप्पांनी इंग्लिश मीडियमला घातलं. मी फार बोलत नसे. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, गावी इंग्लिश शब्द आला की चुलतभाऊ हसायचे, तेव्हा कमी बोलणं सोयीचं होतं. बीकॉम झाले, कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेचा पहिला टप्पा पास झाले, आणि पप्पांच्याच कंपनीत, सेक्रेटरी विभागात, मॅडमच्या हाताखाली लागले. पप्पा गेटमधून उजवीकडे शॉपमध्ये जातात, मी डावीकडे ऑफिसच्या इमारतीत. पहिल्या दिवशी ते गेटवर थांबले होते. वॉचमनला म्हणाले, "आमची मुलगी हाय. वर बसनार." मी जमिनीकडे बघत निघून गेले.

माझ्या कामातलं एक काम म्हणजे दर तीन महिन्यांनी कंपनी कोणाच्या मालकीची आहे ते स्टॉक एक्स्चेंजला कळवणं. एक तक्ता असतो. वर प्रमोटर, म्हणजे मालक, त्यांची दोन मुलं, सुना आणि घरातल्याच दोन-तीन कंपन्या. त्याखाली संस्था: म्युच्युअल फंड, विमा कंपनी, परदेशातले फंड. सगळ्यात खाली पब्लिक. मोठ्या धारकांची नावं असतात. पब्लिकमध्ये छोट्या लोकांची नावं नसतात, नुसता आकडा असतो. मी पहिल्यांदा तो तक्ता भरला त्या संध्याकाळी पप्पांनी जेवताना विचारलं, "मंग? आपला किती टक्का निघाला?"

मी दुपारीच हिशेब करून बघितला होता. दशांश चिन्हानंतर इतकी शून्यं आली की तक्त्याच्या रकान्यात ती मावत नव्हती. रकाना दोनच शून्यं दाखवतो आणि थांबतो.

"आपण पब्लिकमध्ये येतो," मी म्हटलं.

"आन् मालक?"

"ते वर."

"बराबर," पप्पा म्हणाले आणि भाकरी मोडली.

पप्पांचं एक ठरलेलं होतं. निवृत्ती जवळ आली की शेअर विकायचे आणि एक लेथ घ्यायचा. कोणता, तेही ठरलेलं होतं. नागापूरमध्येच एक छोटं वर्कशॉप बंद पडलंय. त्याच्या शेडमध्ये एक जुना, दणकट लेथ उभा आहे. वर्कशॉपवाल्याने पप्पांना शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत दुसऱ्या कोणाला देणार नाही. पप्पा दर रविवारी तिथं जायचे आणि न घेतलेल्या मशिनीला तेल द्यायचे. लेथच्या लोखंडी बेडवरची धूळ पुसायचे, काम पकडणारं चक हाताने फिरवून बघायचे. एकदा मला बरोबर नेलं होतं. "हात लाव," म्हणाले. मी लावला. थंड होता. पप्पांना निवृत्तीनंतर घरात बसण्याची भीती वाटते, हे मला तिथं कळलं. ते तसं कधी म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तक्ता भरताना एक रकाना बदलला. प्रमोटरच्या शेअरपैकी किती गहाण आहेत, हे दाखवणारा रकाना असतो. तो आजवर रिकामा असायचा. या वेळी त्यात आकडा आला, आणि तो लहान नव्हता. त्याच तिमाहीत म्युच्युअल फंडाच्या नावापुढचा आकडा अर्ध्यावर आला. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम स्वतःच्या स्क्रीनकडे बघत होत्या. "बरोबर आहे, टाक," त्या म्हणाल्या.

तक्ता एक्स्चेंजच्या वेबसाइटवर लागला की तो कोणीही बघू शकतं. तेव्हा घरी सांगायला हरकत नव्हती. मी तो लागायची वाट पाहिली, आणि मग सांगितलं.

"पप्पा, मालकांनी शेअर गहाण ठेवलेत."

पप्पांनी आधी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. ते उठले, दार लावून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुनाला बोललीस?"

"सगळ्यांना दिसतं ते. वेबसाइटवर आहे."

"दिसू दे. आपल्या तोंडून न्हाई जायचं. कुनाच्या घरातलं गहान चारचौघांत बोलत असत्यात का?"

"पप्पा, तसं नसतं हे. भाव पडला तर ज्यांच्याकडे गहाण आहेत ते विकून टाकतात. विचारत नाहीत."

"आगं, गहान म्हंजे इकलं न्हवं. मिरजगावात कितीकांची जमीन गहान पडली आन् सुटलीबी. मानूस ओढातान करून सोडवतो. मालक सोडवतील." मग ते म्हणाले, "आन् आपन आत्ता इकायला काढलं तर कसं दिसंल? त्यांच्या अडचनीत."

मालकांना ते कळणारसुद्धा नव्हतं. आमच्या शेअरनी कोणताच आकडा हलला नसता. हे मी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पप्पा टूलरूममध्ये शेअरचा विषय निघाला की मुद्दाम दुसरं काहीतरी काढू लागले, असं फिटर काकांनी मला नंतर सांगितलं. पप्पा मालकांची अब्रू झाकत होते. जी गोष्ट मुंबईतला कुठलाही फंडवाला चहा पिता पिता वाचत होता, ती ते नागापूरमध्ये लपवत होते.

मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. म्हटलं, विकू नका, पण निदान डिमॅट तरी करून घेऊ. आता कागदी शेअर विकता येत नाहीत. आधी ते कॉम्प्युटरवर खात्यात जमा व्हावे लागतात. दिवाळीला लेथ घ्यायचा तर आत्ताच करायला हवं. लेथचं नाव काढल्यावर पप्पा तयार झाले. फ्रेम भिंतीवरून उतरवली. मागे पांढरा चौकोन राहिला.

अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रारकडे गेला, म्हणजे जिथं शेअरधारकांची नोंद असते तिथं. तो सर्टिफिकेटसकट परत आला. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट चालत नाही. त्यावर रद्दचा शिक्का उमटत नाही, आणि मागची बाजू तपासता येत नाही.

"म्हंजे जपून ठेवलं ही चूक झाली?" पप्पांनी विचारलं. उपहासाने नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

रविवारी फिटर काका आले. त्यांचं सर्टिफिकेट, एक कोपरा उंदराने खाल्लेलं, पहिल्या फेरीत डिमॅट झालं होतं. ते त्यांनी मम्मीला, मला आणि शेजारच्या काकूंना वेगवेगळं सांगितलं.

"वैनी, याला लई हौस. पोरगी झाली तवा तिलाबी लॅमिनेट करनार हुता."

"तू गप बस आन् इस्त्री धर," पप्पा म्हणाले.

पप्पांची कल्पना अशी की प्लास्टिक गरम केलं की सुटेल. आयुष्यभर त्यांनी जाम झालेले पार्ट गरम करून सोडवलेत. ओट्यावर जुनं धोतर अंथरलं, त्यावर सर्टिफिकेट, वरून कापड, त्यावर इस्त्री. मी म्हटलं की रजिस्ट्रारला विचारू, दुसरा मार्ग असतो. पण मी हळू बोलते. दोघं वाकले होते आणि काका सांगत होते, "दमानं, दमानं... हां, उचल कोपरा."

कोपरा सुटला. पप्पांनी माझ्याकडे वर बघितलं. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर माझ्या दहावीच्या निकालानंतर बघितला नव्हता. मग त्यांनी प्लास्टिक सावकाश मागे ओढलं, आणि त्याच्याबरोबर हिरवी किनार आली, सही आली, त्यांचं नाव आलं. सगळी शाई प्लास्टिकला चिकटून वर आली. खाली राहिला तो पांढरट, फुगलेला कागद.

मम्मीने इस्त्रीचं बटण बंद केलं. काकांनी, ज्यांना नेहमी काहीतरी सुचतं, धोतराची घडी घालायला घेतली.

"टूलरूममधल्या समद्यांची मीच निऊन केली हुती," पप्पा म्हणाले.

दुसरा मार्ग लांबचा होता. स्टॅम्पपेपर, प्रतिज्ञापत्र, बँकेकडून सहीची खात्री, जुन्या पत्त्याचा पुरावा. पप्पांचं सगळं मी केलं, आणि टूलरूममधल्या बाकीच्यांचंही, लंच टाइममध्ये. ते एकेक करून वर यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि मला "मॅडम" म्हणायचे. ज्यांनी मला कडेवर घेतलं होतं तेही. कागद मुंबईला जायचे, एक शंका घेऊन परत यायचे, पुन्हा जायचे. पावसाळा गेला. गणपती गेले. जुलैच्या तक्त्यात म्युच्युअल फंडाचा आकडा आणखी खाली आला, गहाणाचा आणखी वर गेला. मी पप्पांना सांगितलं. त्यांनी पुन्हा दार लावलं.

पप्पांचे शेअर खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पप्पा मोबाईल घेऊन माझ्याकडे आले.

"आलं बघ. आता थोडं इकून त्या लेथवाल्याला इसार देऊ. समदं न्हाई इकत. थोडं ठिवतो कंपनीत."

"आत्ता नाही विकता येणार, पप्पा."

"का?"

हे कसं सांगायचं ते मी कित्येक दिवस मनात जुळवत होते, तरी ते धड आलं नाही. तिमाही संपली की निकाल जाहीर होईपर्यंत कंपनीच्या आतल्या लोकांना शेअर विकता येत नाहीत; त्याला खिडकी बंद असणं म्हणतात. आतली लोकं म्हणजे डायरेक्टर, मोठे अधिकारी, आणि ज्यांच्या हातातून निकालाचे कागद जातात ते. म्हणजे मॅडम. म्हणजे मी. आणि आमच्या घरची माणसं. नोकरीला लागले तेव्हा मी एका कागदावर पप्पा-मम्मीची नावं आणि पॅन नंबर लिहून दिले होते.

"मी तर शॉपमधी काम करतो," पप्पा म्हणाले. "मला काय म्हाईत असतंय?"

"तुम्हाला नाही. मला माहीत असतं असं धरतात."

"मंग फिटरला?"

"काकांना चालतं."

पप्पा मोबाईलकडे बघत राहिले. तो विझला तसा त्यांनी पुन्हा पेटवला. "खिडकी का काय ती म्हन्तीस, ती कवा उघडंल?"

"निकाल लागल्यावर."

मी मॅडमना विचारलं होतं की मी नोकरी सोडली तर? मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी खुर्ची वळवली आणि इंग्लिशमध्ये, हळू, सांगितलं की सोडल्यावरही सहा महिने मी आतलीच धरली जाईन. तेव्हा सोडण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मला पाणी दिलं.

त्या दिवसांत माझ्यासमोर जे कागद येत होते त्यांबद्दल मी तेव्हा कोणाशी बोलले नाही आणि इथेही लिहिणार नाही.

खंडेनवमीला शॉप धुऊन काढला होता. लेथ, मिलिंग, ड्रिल, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. ऑफिसची माणसंही खाली येतात त्या दिवशी. मालक आले. थोडे बारीक दिसत होते. नेहमीप्रमाणे ते सगळ्यात जुन्या मशिनीपाशी आले, म्हणजे पप्पांच्या लेथपाशी, आणि नारळ फोडला. मग पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपली कंपनी. सांभाळा." पप्पांनी टोपी काढली.

मी खांबाजवळ उभी होते, पाण्याचा ग्लास हातात घेऊन. फिटर काका पेढ्याचा बॉक्स घेऊन शेजारी आले.

"बाळा, काकाला एक सांग. इकू का ठिवू?"

मी मशिनींवरच्या माळांकडे बघितलं.

"बरं, बोलू नगंस. तुझा कायदा मोडायला नगं. नुसतं पानी पी, म्हंजे इकतो."

मला तहान लागली होती. सकाळपासून उन्हात रांगोळीच्या कामात होते. काका पेढ्यांकडे बघत उभे होते, माझ्याकडे नाही, जणू त्यांना काही पडलेलं नाही. मी ग्लास तसाच खिडकीत ठेवला.

"भली पोरगी हायस," काका म्हणाले, आणि मला ते कौतुक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सगळे शेअर विकले. पप्पांनी त्यांना विचारलं की का रे, असं काय झालं? काका म्हणाले, "दरवर्सी नारळ फुटला की मालक इचारत्यात, टूलरूमला औंदा कंची मशिन पायजे? घेवोत न घेवोत, इचारत्यात. औंदा इचारलं न्हाई."

पप्पा जेवताना हे सांगत होते. "मला ध्यानातच आलं न्हाई," म्हणाले. मम्मीने त्यांच्या खांद्याकडे बघितलं, जिथं मालकांनी हात ठेवला होता.

मग भाव घसरायला लागला. जसा घसरला तसे, ज्यांच्याकडे मालकांचे शेअर गहाण होते त्यांनी ते विकले, आणि त्याने तो आणखी घसरला. कोणी कोणाला विचारलं नाही. सगळं नियमात झालं. प्रत्येक विक्रीचं पत्र एक्स्चेंजला मीच पाठवत होते, वेळेत. निकाल लागला तेव्हा त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

खिडकी उघडली त्या सकाळी पप्पांनी रजा टाकली. देवाला दिवा लावला, आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मी बाजार सुरू होताच विक्रीची ऑर्डर टाकली. भाव एका दिवसात जेवढा पडू शकतो त्या खालच्या मर्यादेलाच उघडला आणि तिथंच थांबला. स्क्रीनवर एका बाजूला विकणाऱ्यांची रांग होती. घेणाऱ्यांच्या बाजूला काहीच नव्हतं.

"झालं का?" पप्पांनी विचारलं.

"अजून नाही."

"मानूस कुठंशी असंल? घेनारा?"

मी म्हटलं, बघू. दुपारी बाजार बंद झाला आणि ऑर्डर आपोआप रद्द झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, थोड्या खालच्या भावाला. तेच. पप्पा कामावर जाऊ लागले. मी ऑफिसला निघण्यापूर्वी ऑर्डर टाकायचे, संध्याकाळी ते विचारायचे. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. मी मात्र डिसेंबर संपून खिडकी पुन्हा बंद होईपर्यंत टाकत राहिले.

वर्कशॉपवाल्याने दिवाळी उलटल्यावरही थोडं थांबून बघितलं. त्याचा दोष नाही. लेथ काष्टीच्या एकाने घेतला, ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी. त्या रविवारी पप्पा नेहमीसारखे फडकं आणि तेलाचा डबा घेऊन गेले, तेव्हा टेम्पो लागलेला होता. माणसं चेन चुकीच्या ठिकाणी बांधत होती. पप्पांनी त्यांना थांबवलं, चेन सोडवून नीट बांधून दिली, आणि मग टेम्पोत बसून काष्टीपर्यंत गेले. तिथं खाली पट्ट्या घालून, लेव्हलची बाटली ठेवून लेथ समपातळीत बसवला. घेणाऱ्याला तेल कुठं कुठं द्यायचं ते दाखवलं. संध्याकाळी येताना मम्मीसाठी वांगी आणली.

"चांगल्या जागी गेला," एवढंच म्हणाले.

जानेवारीचा तक्ता मी भरला. म्युच्युअल फंडाच्या ओळीत शून्य. विमा कंपनी शून्य. परदेशी फंड शून्य. प्रमोटरच्या ओळीत थोडंसं उरलं होतं, त्यातलंही गहाण. मग मी पब्लिकच्या रकान्यात आले. इतका मोठा आकडा तिथं कधी नव्हता. ज्यांना जाता आलं ते गेले होते. मुंबई-पुण्यातली, कुठली कुठली माणसं स्वस्त मिळतंय म्हणून मधे घेऊन बसली होती. आणि त्यांच्याबरोबर आमची टूलरूम. काहींचे कागद तर अजून मुंबईत शंकेत अडकलेले होते. मॅडमनी तपासलं. "बरोबर आहे, टाक."

त्या संध्याकाळी जेवताना पप्पांनी बऱ्याच दिवसांनी विचारलं, "भरला का तक्ता?"

"भरला."

"मंग आता कुनाची हाय कंपनी?"

"पब्लिकची. जवळजवळ सगळी."

पप्पांनी मान हलवली. समोरच्या भिंतीवर आजोबांच्या शेजारचा पांढरा चौकोन अजून तसाच आहे. मम्मीला तिथं कॅलेंडर लावायचं होतं, पप्पांनी लावू दिलं नाही.

"म्हंजे मालक तवा बोलले ते खरंच झालं की," ते म्हणाले, आणि भाजी वाढायला ताट पुढे केलं.

निकाल लागून खिडकी पुन्हा उघडली त्या सकाळी मी ऑर्डर टाकली.